संगणकाच्या हाती अ‍ॅनालॉगचा सूर

अ‍ॅनालॉग सिंथेसायझर हातानेच वाजवावा, संगणकाला जोडला की त्याचा जीव जातो, असं मत अणमोड घाटाच्या खाली गोव्यात आणि वर आमच्या जोयडा तालुक्यातही ठामपणे मांडलं जातं. त्याला एक तांत्रिक पुरवणीही जोडलेली असते. ऑडिओ इंटरफेस आवाज आत-बाहेर नेण्यासाठी असतो, त्यातून सिंथेसायझर चालवता येत नाही, त्यासाठी वेगळा मिडी कन्व्हर्टर विकत घ्यावाच लागतो. माझ्या मते यातला पहिला भाग इतिहासाला धरून नाही आणि दुसरा विजेच्या नियमांना.

आधी इतिहास पाहू. हणजुण्याच्या किनाऱ्यावर १९९०च्या दशकात जे गोवा ट्रान्स घडलं, त्याचा वळवळणारा खास आवाज रोलँडच्या टीबी-३०३चा. अ‍ॅनालॉगच्या शुद्धतेचा दाखला म्हणून आजही याच यंत्राकडे बोट दाखवतात. पण त्यात स्वरांची ओळ आधी भरून ठेवावी लागते. ती लक्षात ठेवते एक डिजिटल चिप आणि प्रत्येक स्वरासाठी किती व्होल्टेज द्यायचं हेही तीच ठरवते. अ‍ॅनालॉग आहे तो ऑसिलेटर आणि फिल्टर. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली याच टीबी-३०३ला टीआर-८०८ आणि जुपिटर-८ची जोड देऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. टीआर-८०८चा ठेकाही मायक्रोप्रोसेसरच चालवतो. त्याच्याही मागे जायचं तर लंडनमध्ये पीटर झिनोव्हिएफ यांनी १९६०च्या दशकातच पीडीपी-८ संगणकाला आपला स्टुडिओ चालवायला लावलं होतं आणि अमेरिकेत बेल लॅब्समध्ये मॅक्स मॅथ्यूज आणि एफ. आर. मूर यांनी ‘ग्रूव्ह’ ही यंत्रणा त्याच हेतूने उभारली होती. संगणक आणि अ‍ॅनालॉग यांची सोयरीक अशी जुनी आहे. शुद्धतेच्या ज्या काळाची आठवण काढली जाते, त्या काळातच ती जुळली.

आता तारेतून काय जातं ते पाहू. मूगपासून रूढ झालेल्या पद्धतीत एक व्होल्ट वाढला की सूर एका सप्तकाने चढतो. पट्टी दाबा की संगणकातून आकडा पाठवा, ऑसिलेटरला पोचतं ते फक्त व्होल्टेज. लहरीचा आकार, फिल्टरची धार, ट्रान्झिस्टरमधून येणारी खरखर, हे सगळं त्यापुढच्या सर्किटमध्ये घडतं आणि तिथे संगणकाचा हात पोचत नाही. मग जीव नेमका कुठून गेला?

इंटरफेसवरच्या आक्षेपात मात्र अर्धं तथ्य आहे आणि ते मान्य केलं पाहिजे. कानाला ऐकू येतं ते साधारण २० हर्ट्झच्या वरचं, म्हणून बरेच उत्पादक आउटपुटच्या वाटेत कपॅसिटर बसवतात. तो स्थिर व्होल्टेज अडवतो. अशा इंटरफेसमधून षड्ज धरायला गेलात तर सूर क्षणात घसरतो. पण सगळे इंटरफेस असे नसतात. मोटूसारख्या कंपनीच्या अनेक इंटरफेसांत हा कपॅसिटर नाही. आपल्याकडचा इंटरफेस कोणत्या जातीचा, हे ओळखायला जत्रेतल्या दुकानातही मिळणारा साधा मल्टीमीटर पुरतो. स्पीकर आधी काढून ठेवावेत, कारण स्थिर व्होल्टेजने त्यांची कॉइल जळू शकते. मग सॉफ्टवेअरमधून एकच स्थिर मूल्य पाठवायचं आणि मीटरच्या सळ्या जॅकच्या टोकाला आणि बुडाला लावायच्या. आकडा जागेवर राहिला तर इंटरफेस कामाचा. शून्याकडे घरंगळला तर आत कपॅसिटर आहे. तरीही वाट बंद होत नाही. तोच संदेश वेगवान लहरीवर चढवून पाठवायचा आणि पलीकडे डायोड व छोट्या कपॅसिटरने उलगडायचा, हा उपाय पूर्वीपासून वापरात आहे.

इथवर खंडन झालं. माझं मंडन स्वराबद्दल आहे. तंबोऱ्याच्या खर्जात जो गांधार आपोआप ऐकू येतो, तो षड्जापासून ५:४ या प्रमाणात असतो. व्होल्टेजच्या भाषेत तो षड्जावर ३२२ मिलिव्होल्टवर बसतो. पट्टीवरचा गांधार मात्र ३३३वर असतो. ११ मिलिव्होल्टचा हा फरक तयार कानाला खटकतो. याच फरकापायी आपल्याकडे मोठा वाद झाला. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यावरून श्रुती मोजल्या, १९१० साली त्यावर पुस्तक लिहिलं, आणि त्या मापांची श्रुती-हार्मोनियम घडवण्याचा खटाटोप झाला. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, ती १९७१पर्यंत टिकली. पेटीवरचा आक्षेप बारा ठरीव स्वरांवर होता, आणि सिंथेसायझरची पट्टी तेच बारा स्वर घेऊन आली.

ऑडिओ इंटरफेस या बारा घरांतून सोडवतो. बारा बिटांचा साधा कन्व्हर्टर दहा व्होल्टचे ४,०९६ भाग करतो, म्हणजे एक पायरी सुमारे अडीच मिलिव्होल्टची. चोवीस बिटांच्या इंटरफेसची पायरी याहून हजारो पटींनी बारीक. प्रत्यक्षात विद्युत-गोंगाट त्यातला काही भाग खाऊन टाकतो, तरी उरतो तो कोणत्याही श्रुतीला पुरून उरणारा. आणि व्होल्टेज सेकंदाला ४८,००० वेळा बदलता येत असल्याने मींड हवी तशी वक्र रेखता येते. देवलांना धातूच्या जिभा घासून जे साधावं लागत होतं, ते इथे आकडा बदलून साधतं.

शिवाय इंटरफेसला इनपुटही असतं. ऑसिलेटरचा आवाज परत आत घेतला की सॉफ्टवेअर त्याची वारंवारिता मोजतं आणि कोणत्या सुराला किती व्होल्टेज लागेल याचा तक्ता तयार करतं. तापमान बदललं की अ‍ॅनालॉग ऑसिलेटर सरकतो. जोयड्यात एप्रिलची दुपार आणि जुलैची मुसळधार रात्र यांत केवढं अंतर आहे हे इथल्या माणसाला सांगायला नको. मैफलीआधी तंबोरा लावतात तसंच हे लावणं आहे. वाजवताना होणारी बारीक थरथर त्यानंतरही तशीच राहते.

मर्यादा आहेत. अनेक इंटरफेसांतून पाचेक व्होल्टच मिळतात, म्हणजे पल्ला पाच सप्तकांचा. संगणकाचा विलंब थेट वाजवताना जाणवतो. बोटांनी फिल्टरची खुंटी फिरवण्याला पर्याय नाही आणि तो शोधायचीही गरज नाही, कारण सूर संगणकाने धरला की दोन्ही हात त्या खुंट्यांसाठी मोकळे होतात. म्हणून कन्व्हर्टरसाठी पैसे साठवणाऱ्या इथल्या तरुणांना माझं सांगणं इतकंच, की आधी घरातल्या इंटरफेसला मीटर लावा. तो कसोटीला उतरला तर पहिल्यांदा ३२२ मिलिव्होल्टचा गांधार लावा, आणि अ‍ॅनालॉगचा जीव गेला की नाही याचा निवाडा तो ऐकून करा.