आपोआप जाणाऱ्या मधुमेहाचा माग

१८५२ साली किट्सेल नावाच्या जर्मन डॉक्टराने तान्ह्या बाळाच्या मधुमेहाची नोंद केली. बाळ त्याचं स्वतःचंच होतं. मात्र काही बाळांचा हा मधुमेह आपला आपण निघून जातो, हे उमगायला इन्सुलिन यावं लागलं असं मला वाटतं. त्याआधी तेवढे दिवस बाळं जगायचीच कुठे? टोरांटोत १९२२ साली पहिल्यांदा माणसाला इन्सुलिन टोचलं गेलं आणि १९२६ मध्ये अमेरिकेत रॅम्झी यांनी इन्सुलिनवर सांभाळलेल्या एका नवजात बाळाची हकिगत मांडली.

अशी बाळं दिवस पुरे भरूनही जेमतेम दोन किलोची असतात. पहिल्या आठवड्यातच साखर चढते, शू सारखी होते, अंग सुकतं. काहींची जीभ मोठी असते, तर काहींची बेंबी पुढे आलेली. आपल्याकडच्या ४० युनिटांच्या बाटलीतलं एक युनिट म्हणजे मिलिलिटरचा चाळिसावा भाग. या जीवाला कधी तेवढंही जास्त होतं, म्हणून इन्सुलिन पातळ करून सिरिंजमध्ये भरतात. पुढे बहुधा काही महिन्यांतच त्याची गरज उरत नाही.

कारणाचा धागा मात्र उंदरांकडून आला. १९८४ मध्ये केंब्रिजला अझीम सुरानी यांनी (जन्म केनियातला, वंश भारतीय) आणि अमेरिकेत मॅग्रा व सोल्टर यांनी दाखवलं की नुसत्या आईच्या किंवा नुसत्या बापाच्या वारशावर गर्भ तग धरत नाही. काही जनुकं कुणाकडून आली, यावर ती चालू की बंद हे ठरतं.

१९९५ मध्ये इंग्लंडच्या कॅरन टेंपल आणि सहकाऱ्यांनी या मधुमेहाच्या काही बाळांत सहाव्या गुणसूत्राच्या दोन्ही प्रती बापाकडूनच आल्याचं दाखवलं. शोधनिबंधाच्या शीर्षकात तेव्हा प्रश्नचिन्ह होतं. आता त्या गुणसूत्रावरची जागा पक्की झाली आहे. एरवी तिथली आईकडून आलेली प्रत गप्प असते. तिच्यावरचा बंदीचा रासायनिक शिक्का पुसला गेला, तरी तोच आजार होतो. तिथला तुकडा दुप्पट झालेला असेल आणि तो बापाकडून आला, तर बाळाला मधुमेह. आईकडून आला, तर काहीच नाही. घराण्यात एखादी पिढी गाळून आजार पुढे का दिसतो, याचं उत्तर यात आहे.

या मधुमेहाला दिलेलं ‘तात्पुरता’ हे नाव मला तरी घाईचं वाटतं. निम्म्याच्या आसपास मुलांत तो पौगंडावस्थेत किंवा त्यानंतर परततो, काही मुलींना तो गरोदरपणी गाठतो. मधल्या वर्षांतही तापात साखर वर जाऊ शकते.