हेजहॉग संकेतमार्ग आणि त्वचेचा कर्करोग
माशीच्या अळीपासून माणसाच्या त्वचेपर्यंत पोहोचलेले हे संशोधन जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये सुरू झाले. तिथे क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांनी फळमाशीतले हेजहॉग जनुक १९८० साली जगापुढे मांडले. १९९५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले.

पेशीच्या पटलावरचे ‘पॅच्ड’ प्रथिन ‘स्मूदन्ड’ या दुसऱ्या प्रथिनाला आवरून धरते. हेजहॉग जनुकापासून बनणारे प्रथिन पॅच्डला चिकटले की हा लगाम सुटतो आणि वाढीचा संदेश केंद्रकापर्यंत जातो. उन्हातील अतिनील किरणांनी पॅच्डचे जनुक बिघडले, तर संदेश थांबतच नाही. त्वचेच्या तळपेशींचा कर्करोग बहुधा असाच वाढतो. तो क्वचितच शरीरात इतरत्र पसरतो, पण दुर्लक्ष झाल्यास चेहरा पोखरतो.

स्मूदन्डला रोखणारे व्हिस्मोडेगिब हे औषध युरोपात २०१३ मध्ये मान्य झाले. माशीवरच्या निव्वळ कुतूहलाला लागलेले हे फळ मोलाचे आहे. मात्र स्मूदन्डमध्येच नवा बदल झाल्यास औषध निष्प्रभ ठरते.