निंबाच्या आतली बुरशी

मूर्तिजापूरच्या आमच्या अंगणात निंब आहे. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या पायाला जखम झाली, तेव्हा आजी त्याचाच पाला उकळून ती धूत होती. बाबांना शुगर. “निंबानं काई बिघडत नाई रे बापू,” असं आजी फोनवर म्हणाली आणि मी पुण्यात बसून मान्य केलं. दहा दिवसांनी त्यांना अकोल्याला न्यावं लागलं. पू तपासला, रिपोर्टात नाव आलं स्युडोमोनास. खाली अँटिबायोटिकांची यादी आणि बहुतेकांपुढे ‘रेझिस्टंट’.

त्या रात्री वॉर्डाबाहेर बसून मी मोबाइलवर त्या जंतूबद्दल वाचत गेलो आणि फिरून निंबापाशीच पोचलो.

निंबावरून एक मोठं भांडण झालं होतं. १९९४ साली युरोपीय पेटंट कार्यालयानं अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना निंबोळी तेलानं पिकांवरची बुरशी आवरण्याचं पेटंट दिलं. वंदना शिवा आणि इतरांनी त्याला हरकत घेतली. म्युनिकला साक्ष दिली ती पुण्याच्या अभय फडके यांनी. १९८५-८६मध्ये पुणे आणि सांगली जिल्ह्यांत शेतकऱ्यांसमोर निंबाचा अर्क वापरून झाला होता. मे २०००मध्ये पेटंट रद्द झालं, २००५मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. निंब बुरशीला मारतो, याबद्दल दोन्ही बाजूंना शंका नव्हती. वाद मालकीचा होता.

गंमत अशी की, त्याच निंबाच्या आत बुरशी सुखानं राहते. वनस्पतीच्या आत राहणाऱ्या अशा जीवांना जर्मन शास्त्रज्ञ अँटन द बारी यांनी १८६६मध्येच ‘एंडोफाइट’ म्हटलं होतं. त्यांना शोधायची रीत साधी आहे. पान किंवा मूळ अल्कोहोलनं आणि ब्लीचसारख्या द्रावणानं वरून निर्जंतुक करायचं, तुकडे करून अगारवर ठेवायचे. मग जे उगवतं, ते आतलं. बनारस हिंदू विद्यापीठातल्या रवींद्र खरवार यांच्या गटानं निंबाच्या मुळातून अशीच एक बुरशी काढली. २००९मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं की, ती जाव्हानिसिन नावाचं द्रव्य बनवते आणि ते स्युडोमोनासवर जोरदार चालतं.

हे वाचून क्षणभर आजी बरोबर ठरली असं वाटलं. पण पाला उकळलेलं पाणी म्हणजे मुळातल्या बुरशीचं शुद्ध केलेलं द्रव्य नव्हे. आणि काचेच्या ताटलीत जंतू मरणं म्हणजे औषध तयार होणंही नव्हे. माणसाच्या पेशींना ते किती घातक, डोस किती, ती बुरशी प्रयोगशाळेत किती दिवस ते बनवत राहील, हे सगळं पुढे उरतंच. पेटंटची लढाई जिंकली, म्हणजे निंबाचा प्रश्न सुटला असं मी शाळेपासून धरून चाललो होतो. ज्ञान आपलं ठरलं, एवढंच झालं होतं.

बाबांच्या पायाची दोन बोटं काढावी लागली. यादीतलं एक औषध लागू पडलं, म्हणून पाय वाचला.

आजी अजून पाला उकळते. मी अडवत नाही. आता रोज रात्री व्हिडिओ कॉलवर बाबांचे तळपाय मात्र बघतो.