दिव्याच्या आधीचा आणि दिव्याच्या वरचा हात

पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने निघाले की पळस्प्याच्या पुढे कोन हे गाव लागते. 1830 साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि घाटाकडे जाणारी ही वाट वाहती झाली. पुढे पळस्प्याहून गोव्याचा महामार्ग फुटला, कोन फाट्यावरून सावळ्यामार्गे रसायनीच्या कारखान्यांची ये-जा वाढली, 1989 मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू होऊन कंटेनर आले आणि 2002 मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. वेगवेगळ्या वेगांची वाहने जिथे एकमेकांत मिसळतात, तिथे वाहतूक पोलिसाचा हात हा जुन्या काळाचा अवशेष ठरत नाही. रस्त्याच्या नियमाचे ते मूळ रूप आहे, असे माझे म्हणणे आहे.

इतिहास याला दुजोरा देतो. 1868 साली लंडनच्या पार्लमेंटसमोर रस्त्यावरचा पहिला सिग्नल उभा राहिला, तो रेल्वेच्या धर्तीवर हलणाऱ्या दांड्यांचा होता. आडवी दांडी म्हणजे थांबा. दिवे फक्त रात्रीसाठी. म्हणजे यंत्रानेही आधी हाताचीच नक्कल केली. आपल्याकडचा पोलीस उजवा हात वर करून समोरची वाहने थांबवतो, डावा हात आडवा धरून मागची. दोन्ही एकत्र केले की दोन्ही बाजू थांबतात. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 119 विजेच्या सिग्नलबरोबरच पोलिसाचा आदेशही बंधनकारक ठरवते. रस्ते वाहतुकीविषयीच्या 1968 च्या व्हिएन्ना करारात तर पोलिसाचा इशारा दिव्याहून वरचढ मानला आहे. अपघात झाला, रुग्णवाहिका आली, तर ठरल्या वेळेने बदलणारा दिवा परिस्थिती ओळखत नाही, माणूस ओळखतो.

आक्षेप दोन. पहिला, आता कॅमेरे आहेत. पण कॅमेरा चूक टिपतो, तुंबलेला रस्ता मोकळा करत नाही. दुसरा अधिक वजनदार: खुणा कुणाला कळतात? पोलीसही घाईत हात नुसताच हलवतात. हे खरे आहे, पण तो दोष शिकवण्यातला आहे. बंदराकडे जाणारे चालक अनेक राज्यांतले, अनेक भाषांचे. ओरडून दिलेली सूचना त्यांच्यातल्या निम्म्यांना कळणार नाही, स्पष्ट खूण सर्वांना कळू शकते. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत वाहतुकीच्या खुणा विचारल्या जातातच. त्या पाठ करण्यापुरत्या न ठेवता चालकाकडून आणि पोलिसाकडून वारंवार गिरवून घ्यायला हव्यात. रस्ते रुंद करण्यावर होणाऱ्या खर्चापुढे हा खर्च नगण्य आहे, आणि त्यातून वाचतील ते माणसांचे जीव.