प्रवाह-वलय प्रेषक (सुट्या ट्रँझिस्टरांचा)

एकात्मिक परिपथ म्हणजे आयसी न वापरता, सुटे ट्रँझिस्टर व रोधक जोडून केबलवरून अंकीय विदा पाठविणारा परिपथ. तारेतून प्रवाह वाहत असणे म्हणजे १ आणि तो थांबणे म्हणजे ० ही त्याची संकेतपद्धती दूरमुद्रकांच्या (टेलिप्रिंटरच्या) काळापासून रूढ असून, जुन्या यंत्रांत ६० व नंतरच्या यंत्रांत २० मिलिअँपिअर प्रवाह वापरीत.

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यासारख्या कोरडवाहू प्रदेशात, जेथे विहीर वस्तीपासून लांब असते, तेथे पाण्याची पातळी घरी कळविण्याच्या कामी हा परिपथ विचारात घेण्याजोगा आहे. उदाहरणादाखल ३०० मीटर अंतर व ०·५ मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या तारांची टेलिफोन जोडी घेतली, तर जाण्या-येण्याच्या मार्गाचा एकूण रोध सुमारे ५३ ओहम भरतो. संकेत दाबाच्या (व्होल्टेजच्या) रूपात पाठविल्यास हा रोध, गंजलेले सांधे आणि दोन टोकांच्या भूजोडांतील दाबाचा फरक हे सारे संकेतात मिसळते. प्रवाह स्थिर राखला, तर तारेचा रोध काही मर्यादेपर्यंत वाढला तरी ग्राहक टोकाला तोच प्रवाह मिळतो.

प्रवाह स्थिर राखण्यासाठी बीसी ५४७ जातीचे दोन ट्रँझिस्टर पुरतात. पहिल्याच्या उत्सर्जकाशी ३३ ओहमचा रोधक जोडलेला असून, त्यावरील दाब सुमारे ०·६५ व्होल्टला पोहोचताच दुसरा ट्रँझिस्टर वाहू लागतो व पहिल्याच्या पायाकडे जाणारा जादा प्रवाह स्वतःकडे वळवितो. त्यामुळे वलयातील प्रवाह २० मिलिअँपिअरच्या आसपास अडून राहतो. पुरवठा १२ व्होल्टचा असेल, तर केबलचे संपूर्ण लघुमंडल (शॉर्ट) झाले तरी पहिल्या ट्रँझिस्टरमध्ये पाव वॉटपेक्षा कमी उष्णता निर्माण होते आणि ४५ अंश सेल्सिअसच्या उन्हाळ्यातही तो ती सोसू शकतो. मात्र ट्रँझिस्टरचा पाया-उत्सर्जक दाब तापमानाच्या दर अंशामागे सुमारे २ मिलिव्होल्टने घटत असल्याने २५ अंशांवर ठरविलेला प्रवाह ४५ अंशांवर साधारण ६ टक्क्यांनी उतरतो. प्रवाह मोजणारा दुसरा ट्रँझिस्टर तापणाऱ्या पहिल्यापासून थोडा दूर बसवावा तो याचसाठी. विश्रांतीच्या स्थितीत वलयातून प्रवाह चालू ठेवण्याची जुनी रीत आजही उत्तम ठरते, कारण उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडून केबल तुटली, तर ग्राहक टोकाला ते लगेच कळते.

ग्राहक टोकाला ऑप्टोकपलर, म्हणजे प्रकाशाच्या मध्यस्थीने संकेत पुढे देणारा घटक, बसवितात. त्यामुळे दोन टोकांत विद्युत् जोड उरत नाही. मॉन्सूनपूर्व वळवाच्या विजांपासून एवढ्याने पूर्ण संरक्षण मिळत नाही. बीसी ५४७ केवळ ४५ व्होल्टपर्यंतच टिकतो, म्हणून केबलच्या दोन्ही टोकांना दाबमर्यादक घटक बसविणे अनिवार्य समजावे.

केबलमधून संकेताला ३०० मीटर जाण्यास सुमारे १·५ मायक्रोसेकंद लागतात. सेकंदाला १,२०० अंकांच्या वेगात एक अंक ८३३ मायक्रोसेकंद टिकतो, म्हणून टोकावरून परतणारे तरंग त्याआधीच विरून जातात. वेग १० लाख अंकांवर नेल्यास मात्र केबलच्या अंगभूत संरोधाइतका, म्हणजे १०० ते १२० ओहमचा, अंत्य रोधक लागतो आणि तेथे आरएस-४८५ या १९८३ च्या मानकाच्या आयसी अधिक योग्य ठरतात.