संशोधनातील सचोटी : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

पुण्यातल्या लॉ कॉलेज रस्त्यावरच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती घ्या आणि तिचे कोणतेही पान उघडा. वर संपादकांनी स्वीकारलेली संहिता आहे. खाली बारीक टायपात पाठभेद आहेत, आणि पुष्कळदा त्यांनीच अधिक जागा व्यापलेली असते. कोणत्या हस्तलिखितात काय सापडते, कुठे ओळ गळली, कुठे जादा श्लोक शिरले, हे सारे तिथे नोंदले आहे. संहितेतल्या काही अक्षरांखाली नागमोडी रेघ दिसते. या पाठाबद्दल आमची पुरती खात्री नाही, असे संपादक त्या रेघेतून कळवतात. विष्णु सीताराम सुखटणकरांनी 1925 मध्ये या कामाची सूत्रे घेतली, 1933 मध्ये आदिपर्व पुरे केले. 1943 मध्ये ते गेले. आवृत्ती पूर्ण व्हायला 1966 साल उजाडले. आज एखाद्या अभ्यासकाला सुखटणकरांचा एखादा निर्णय खोडून काढायचा असेल, तर त्यासाठी लागणारा पुरावा त्यांनीच त्या पानावर मांडून ठेवला आहे.

संशोधनातील सचोटी या विषयाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाला मी आधी हे पान दाखवीन. सचोटी म्हटले की आपले लक्ष माणसाच्या स्वभावाकडे जाते. सर प्रामाणिक आहेत, मुलगी सालस आहे, अमक्याचे घराणे चांगले आहे, असे आपण बोलतो. हे सगळे खरे असले तरी चौकशीच्या टेबलावर त्याचा उपयोग नसतो. तिथे तपासता येते ती नोंद. म्हणून या क्षेत्राचा मुख्य प्रश्न असा आहे, की संस्थेने नोंद कशी ठेवावी, शंका आल्यावर ती कोणी, कधी आणि कोणत्या रीतीने तपासावी, आणि निष्कर्ष निघाल्यावर तो कोणाला सांगावा. ही जबाबदारी संस्थेची आहे. एकेका संशोधकाच्या सद्सद्विवेकावर ती सोपवून मोकळे होता येत नाही.

गैरवर्तनाची पायाभूत व्याख्या आता अनेक देशांत बरीचशी सारखी आहे. अमेरिकी सरकारने 2000 मध्ये ती तीन प्रकारांत बांधली : न केलेल्या प्रयोगाचे आकडे रचणे, खऱ्या आकड्यांत किंवा चित्रांत फेरफार करणे, आणि दुसऱ्याचे लेखन वा कल्पना श्रेय न देता उचलणे. प्रामाणिक चूक आणि मतभेद तिने बाहेर ठेवले आहेत. ही वजाबाकी फार मोलाची आहे, कारण चूक आणि लबाडी यांना एकाच तराजूत घातले, तर माणसे चुका कबूल करणेच सोडून देतील.

पुण्यात या प्रश्नाची खरी कसोटी 2006-07 मध्ये लागली. विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील एका प्रयोगशाळेचा शोधनिबंध 2005 मध्ये ‘जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री’ या अमेरिकी नियतकालिकात आला होता. त्यातली काही चित्रे त्याच गटाच्या आधीच्या निबंधातली आहेत आणि ती वेगळ्या प्रयोगाची म्हणून छापली आहेत, असा आरोप एका निनावी ईमेलने केला. चित्रे होती ‘वेस्टर्न ब्लॉट’ची. या पद्धतीत पेशींतली प्रथिने जेलमधून विजेच्या साहाय्याने सरकवून वजनाप्रमाणे वेगळी करतात, पडद्यावर उतरवतात, आणि हवे ते प्रथिन प्रतिपिंडाने ओळखून फिल्मवर काळ्या पट्टीच्या रूपात पाहतात. पट्टी गडद असली तर प्रथिन जास्त, फिकट असली तर कमी. बाहेरच्याला या पट्ट्या सगळ्या सारख्याच वाटतात. सराईत नजरेला मात्र प्रत्येक पट्टीची कड, तिचा बाक, शेजारचा एखादा डाग ओळखीचा होतो. दोन वेगळ्या प्रयोगांत तोच डाग त्याच जागी सहसा येत नाही.

मग चौकशी झाली. ज्येष्ठ जैवरसायनशास्त्रज्ञ गोविंदराजन पद्मनाभन यांच्या अध्यक्षतेखालच्या बाहेरच्या तज्ज्ञांच्या समितीने फेरफार झालेला नाही, असा निर्वाळा दिला. त्या नियतकालिकाने मात्र 2007 मध्ये निबंध मागे घेतला. वैज्ञानिक मूल्यांसाठी 1986 मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी फॉर सायंटिफिक व्हॅल्यूज’ या संस्थेनेही प्रकरण पाहिले, आणि तिचे मत समितीच्या विरुद्ध गेले. मी इथे संशोधकांची नावे घेत नाही, कारण या प्रकरणातून जे शिकायचे ते नावांवर अवलंबून नाही. त्याच पट्ट्या जाणत्या लोकांनी पाहिल्या आणि ते परस्परविरुद्ध निष्कर्षांवर पोहोचले. याचा अर्थ कोणी बेइमान होते असा होत नाही. समितीने कोणती मूळ सामग्री मागायची, चित्रांचे विश्लेषण कोणत्या रीतीने करायचे, पुराव्याची पातळी किती धरायची आणि अहवाल कितपत खुला करायचा, याचा सर्वमान्य नियम आपल्याकडे नव्हता. आजही अमेरिकेतल्या ‘ऑफिस ऑफ रिसर्च इंटेग्रिटी’सारखे वैधानिक कार्यालय भारतात नाही. त्यामुळे प्रत्येक संस्था आपापल्या परीने चौकशी करते, आणि ज्याची चौकशी करायची तो बहुधा शेजारच्या खोलीत बसलेला सहकारी असतो.

त्यानंतर नियम आले, पण ते एकाच बाजूने आले. विद्यापीठ अनुदान आयोगाची 2018 ची नियमावली वाङ्मयचौर्याबद्दल आहे. प्रबंधातले साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. 10 ते 40 टक्के असेल तर सहा महिन्यांत सुधारून द्यायचे. 40 ते 60 असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. 60 च्या वर गेले की नोंदणीच रद्द. ओळीने चौदा शब्दांपर्यंतचे साम्य मोजायचे नाही. विभागात एक समिती आणि संस्थेत एक समिती असावी, असेही तीत सांगितले आहे. ही शिस्त हवीच होती. पण तिच्यामुळे सचोटी म्हणजे सिमिलॅरिटीचा टक्का, अशी समजूत रुजली, आणि मला ती घातक वाटते. ‘प्लॅगरिझम किती आला?’ हा प्रश्न पीएचडीच्या खोलीत रोज ऐकू येतो. ‘मूळ डेटा कुठे ठेवला आहेस?’ हा प्रश्न फार क्वचित येतो. सॉफ्टवेअर शब्द जुळवते. रचलेल्या आकड्यांचा तक्ता त्याच्यापुढे ठेवला, तर तो शून्य टक्के साम्य घेऊन सहीसलामत पार होतो.

पुण्याने या क्षेत्रात केलेले सर्वांत भरीव काम नियतकालिकांचे आहे, आणि त्याकडे वाचकाने मुद्दाम लक्ष द्यावे. आयोगाच्या 2009 च्या नियमांनी पीएचडीसाठी निदान एक शोधनिबंध छापून येणे सक्तीचे केले. पुढे प्राध्यापकांची बढती गुणांवर आली आणि निबंधांना गुण मिळू लागले. मागणी वाढली तसे पैसे घेऊन आठवड्याभरात काहीही छापणारी जर्नले गल्लोगल्ली निघाली. त्यांतली पुष्कळशी आयोगाच्या मान्य यादीतही शिरली होती. भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर, श्रीधर गद्रे आदींनी विद्यापीठांच्या शिफारशींवरून यादीत आलेल्या 5,699 नियतकालिकांमधून 1,336 यादृच्छिक रीतीने निवडली, त्यांतली नामांकित सूचींमध्ये असलेली 327 वगळली आणि उरलेली 1,009 एकेक करून तपासली. त्यांचा निबंध ‘करंट सायन्स’मध्ये 2018 साली आला. एक तृतीयांशाहून अधिक जर्नलांचा पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावे अशी प्राथमिक माहितीच चुकीची होती किंवा मिळत नव्हती. निम्म्याहून अधिकांनी खोटा आयएसएसएन, खोटा इम्पॅक्ट फॅक्टर असे दावे केले होते. अशा सूचीबाह्य जर्नलांपैकी 88 टक्क्यांहून अधिक निकृष्ट असावीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने 4,305 नियतकालिके यादीतून काढली. पुढे विश्वासार्ह नियतकालिकांची ‘केअर’ यादी आली, तिच्या छाननीचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या कक्षाकडे आले, आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी प्रकाशन-नैतिकतेचा दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम आवश्यक झाला. 2022 च्या नियमावलीने निबंध छापण्याची सक्ती काढली. फेब्रुवारी 2025 मध्ये आयोगाने केअर यादीही बंद केली. आता कोणते नियतकालिक विश्वासार्ह आहे हे प्रत्येक संस्थेने आपणच ठरवायचे आहे. म्हणजे तालुक्याच्या महाविद्यालयातल्या संशोधन समितीलाही हे क्षेत्र शिकणे आता टळणार नाही.

तक्रार करणाऱ्याचा विचार केल्याशिवाय ही प्रस्तावना पुरी होत नाही. फेरफार पहिल्यांदा दिसतो तो बहुधा प्रयोगशाळेतल्या सर्वांत धाकट्या माणसाला. ज्याने ब्लॉट लावला, ज्याने प्रश्नावल्या भरून घेतल्या, ज्याने आकडे एक्सेलमध्ये चढवले, त्याला. त्याची फेलोशिप, त्याचा व्हायवा, पुढचे शिफारसपत्र, सगळे गाईडच्या सहीवर टांगलेले असते. निनावी पत्राला आपण नाके मुरडतो, पण नाव सांगून बोलण्याची सुरक्षित वाट संस्थेने ठेवलीच नसेल तर दुसरे काय होणार? आणि खोट्या तक्रारीने एखाद्याचे आयुष्यभराचे काम काळवंडू शकते, हेही तितकेच खरे आहे. म्हणून तक्रार आल्याच्या दिवशीच वह्या, फिल्म आणि संगणकातल्या मूळ फायली ताब्यात घेऊन त्यांची पोच द्यावी, चौकशी गोपनीय ठेवावी, समितीत बाहेरचा जाणकार असावा आणि हितसंबंध असलेल्याने स्वतः बाजूला व्हावे. यातली कोणतीही गोष्ट खर्चिक नाही. यांचा लाभ तक्रारदाराला होतो आणि निर्दोष आरोपीलाही होतो.

वाचकहो, तुम्ही मानव्यशास्त्रातले असा, विज्ञानातले असा किंवा वाणिज्यातले, हे क्षेत्र तुमचेच आहे. तुम्ही विद्यार्थी असाल तर वही तारीखवार लिहा, फसलेला प्रयोगही तीत ठेवा, आणि तुमच्या संस्थेच्या सचोटी समितीत कोण कोण आहे ते नावानिशी विचारून घ्या. तुम्ही विभागप्रमुख असाल तर त्या नावांची पाटी उद्याच दर्शनी भागात लावा.