दारू प्यालेला ड्रायव्हर आणि खबर देण्याची लाज

मागच्या व्याख्यानानंतर हिंगोलीच्याच एका मुलीनं मला विचारलं होतं, "सर, ड्रायव्हर प्यालेला आहे असा नुसता संशय आला तर पोलिसांना फोन करायचा का? आमच्या घरात यावरून दोन दिवस वाद चाललाय." मी तिला म्हणालो, पुढच्या वेळी बोलू. वेळ नव्हता हे खरं, पण उत्तरही तयार नव्हतं. शिवाय एक प्रसंग आठवून मला ओशाळल्यासारखं झालं होतं. तो आधी सांगतो.

चार-पाच वर्षं झाली असतील. औंढ्याला एका नात्यातलं लग्न होतं. परत हिंगोलीला निघालो तेव्हा दिवेलागण झाली होती. रस्त्यावरच्या एका ढाब्यापाशी चहाला थांबलो. तिथं एक काळीपिवळी उभी होती. आत बाजार करून निघालेल्या बायका, पोरं, मागं पिशव्या. ढाब्याच्या मागच्या बाजूनं ड्रायव्हर आला, मला पाहिलं आणि "सर!" म्हणून पाया पडायला वाकला. माझाच जुना विद्यार्थी. तो वाकला आणि दारूचा भपकारा आला.

मी काय केलं? "सुखी राहा" म्हणालो. घरची चौकशी केली. खिशात फोन होता, गाडीचा नंबर डोळ्यासमोर होता. जीप निघून गेली. मी चहा संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर उघडून आधी अपघाताच्या बातम्या पाहिल्या. तसली बातमी नव्हती. हायसं वाटलं. मग लक्षात आलं की हे हायसं वाटणं त्या बायकांसाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं.

आता, मी का बोललो नाही? भीती नव्हती. पोरगा उलट बोलला नसता. कारण निराळं आहे आणि ते आपल्या भागाच्या इतिहासात आहे. म्हणून आजचा विषय इतिहासाच्या अंगानं घेतोय.

आमच्या घरात 'खबऱ्या' ही शिवी होती. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. आज मराठवाडा म्हणतो तो सगळा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. स्टेट काँग्रेसवर १९३८ सालीच बंदी आली होती. १९४७ ला देश स्वतंत्र झाला, आपण झालो नाही. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढा चालला. एकीकडे निजामाचे पोलीस, दुसरीकडे कासीम रझवीचे रझाकार. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेला पैनगंगा. पलीकडे वऱ्हाड, म्हणजे स्वतंत्र भारत. तिकडं कार्यकर्त्यांच्या छावण्या होत्या, उमरखेडची त्यातलीच एक. रात्री नदी ओलांडून माणसं यायची, जायची. अण्णा तेव्हा विशीतले. भाकरी पोचवायचे, निरोप पोचवायचे. एकदा गावातल्या कुणीतरी खबर दिली आणि दोघं पकडले गेले. संशय ज्याच्यावर होता, त्याच्या घरचं पाणी अण्णा मरेपर्यंत प्याले नाहीत.

अशा घरात वाढलेल्या माणसाला पोलिसांना फोन लावणं हे काम नुसतं अवघड वाटत नाही, घाण वाटतं. आणि माझं एकट्याचं घर असं नव्हतं. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान गेलं, पण शब्द राहिला. गावात आजही 'पोलिसात सांगितलं' याचा अर्थ 'गावाशी गद्दारी केली' असाच घेतला जातो.

याला आणखी एक कारण आहे. सांगणं हे आपल्याकडं पूर्वापार एका माणसाचं काम होतं. निजामाच्या काळात गावात दोन पाटील असत. सारा वसुलीचा तो माली पाटील आणि बंदोबस्ताचा तो पोलीस पाटील. पुढं महाराष्ट्रात १९६७ चा ग्राम पोलीस अधिनियम आला. त्यातही गावातल्या गुन्ह्याची माहिती वर कळवायची जबाबदारी पोलीस पाटलावर आहे. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यानं काय म्हणायचं? "ते पाटलाचं काम, आपल्याला कशाला भानगड." लाजेला अशी सोयही मिळाली.

पण इतिहास अर्धा सांगून चालत नाही. त्याच लढ्यातली दुसरी गोष्ट ऐका. १९४७-४८ मध्ये कार्यकर्त्यांनी जागोजागी शिंदीची झाडं तोडली. कारण आबकारीचं उत्पन्न हा निजाम सरकारच्या तिजोरीचा मोठा आधार होता. शिंदी जितकी गळायची तितका सरकारचा पैसा. अण्णा सांगायचे, कुऱ्हाडीचा आवाज लांबवर जायचा म्हणून पहाटे तोडायचो. म्हणजे खबऱ्याचा तिरस्कार करणाऱ्या त्याच पिढीनं दारू हा नुसता पिणाऱ्याचा खासगी मामला मानला नव्हता. हे मी विसरलो होतो. शिवी तेवढी लक्षात ठेवली.

आता जरा मुंबईकडं जाऊ, कारण प्यालेला ड्रायव्हर हा प्रश्न कायद्यापुढं आधी तिथं आला. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा होता. आपण त्या राज्यात १९५६ ला गेलो. तर २९ मे १९५१, रात्री साडेनऊची वेळ. एका जीपनं तीन माणसांना धडक दिली. जीप चालवणारे गृहस्थ कोण, तर मुंबईचे तेव्हाचे हंगामी प्रादेशिक परिवहन अधिकारी, बेहराम पेसिकाका! डॉक्टरांनी तपासलं. तोंडाला दारूचा वास होता, डोळे लाल होते. पण बोलणं सुसंगत होतं आणि सरळ रेषेत चालताही येत होतं. त्यांचं म्हणणं, मी अल्कोहोल असलेलं टॉनिक घेतलंय. खालच्या कोर्टानं सोडलं, हायकोर्टानं दारूबंदी कायद्याखाली दोषी ठरवलं आणि १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा निर्दोष सोडलं. पोटात गेलेलं मद्य बंदी असलेल्या प्रकारचंच होतं हे सरकार पक्षानं सिद्ध करायला हवं होतं, ते झालं नाही, असं न्यायालय म्हणालं.

मला या खटल्यात त्या गृहस्थांचा दोष शोधायचा नाही. ते सुटले, विषय संपला. मला त्यातला वास महत्त्वाचा वाटतो. वास येतो, डोळे लाल आहेत, पण माणूस सरळ चालतोय. मग तो प्यालेला की नाही? किती प्यालेला? तेव्हाच्या १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात आकडा नव्हता. गाडीवर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल हवा, एवढंच होतं. 'इतका' म्हणजे किती, हे साक्षीदारांच्या तोंडावर ठरायचं. अशा काळात खबर देणाऱ्याच्या शब्दाला फार वजन येतं, आणि म्हणून तो शब्द धोक्याचाही होतो. शेजाऱ्याशी बांधावरून भांडण आहे, सांगा की हा पिऊन चालवतो!

जगात यावर उपाय काय निघाला? आकडा. नॉर्वेनं १९३६ सालीच रक्तातल्या मद्याची मर्यादा कायद्यात लिहिली. ब्रिटननं १९६७ मध्ये लिहिली, शंभर मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम, आणि रस्त्यावर श्वासाची तपासणी सुरू केली. आपल्याकडं १९८८ च्या कायद्यातल्या कलम १८५ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीनं ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आली. ब्रिटनपेक्षा किती कडक, ते बघा. २०१९ पासून पहिल्या गुन्ह्याला दहा हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

ही नुसती तांत्रिक सुधारणा नाही. तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस म्हणून मला वाटतं, त्या फुंकायच्या यंत्रानं खबर देण्याचा अर्थच बदलला. पैनगंगेकाठच्या त्या खबऱ्याच्या शब्दावर माणसं पकडली गेली. त्याचा शब्द हाच निकाल होता. आज मी फोन करून म्हणालो, "अमुक नंबरची जीप, ड्रायव्हर प्यालेला वाटतो," तर त्या शब्दावर कुणाला शिक्षा होत नाही. गणवेशातला पोलीस गाडी थांबवतो, फुंकायला लावतो. आकडा तीसच्या आत असेल तर जीप पुढं जाते. माझा शब्द फक्त प्रश्न विचारतो, उत्तर यंत्र देतं. शब्दावर शिक्षा होते ती चुगली. शब्दावर तपासणी होते ती खबर. आपण दोन्हींना एकच नाव दिलं, इथं आपला घोटाळा झाला.

दुसरा फरक, कोण वाचतं याचा. त्या काळी खबरीनं सत्ता वाचायची आणि गावातली माणसं मरायची. इथं वाचतात त्या काळीपिवळीतल्या बायका, समोरून येणारा दुचाकीवाला आणि खुद्द तो ड्रायव्हर.

आता कायदा काय म्हणतो? फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३९ होतं. २०२४ च्या जुलैपासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ३३ आहे. कोणत्या गुन्ह्यांची माहिती पोलिसांना देणं हे प्रत्येकाचं कर्तव्य, याची तिथं यादी आहे. खून, दरोडा वगैरे. पिऊन गाडी चालवणं त्या यादीत नाही. म्हणजे त्या संध्याकाळी मी गप्प बसलो, तो गुन्हा झाला नाही. कायद्यानं ही गोष्ट माझ्या सदसद्विवेकावर सोडली होती, आणि तिथंच मी कमी पडलो.

मिल या इंग्रज तत्त्वज्ञानं १८५९ मध्ये स्वातंत्र्यावर पुस्तक लिहिलं. व्यक्तीच्या खासगी आयुष्यात समाजानं लुडबुड करू नये, असं म्हणणारा हा माणूस. तोही सांगतो की नुसतं प्यायला म्हणून कुणाला शिक्षा नको, पण कामावर असलेला शिपाई प्यालेला असेल तर शिक्षा हवी. स्टिअरिंगवर बसलेला माणूस हा कामावरचा शिपाई आहे. घरी बसून प्यायला असता तर माझा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

आता आक्षेप. पहिला पोटाचा. जीपचा हप्ता असतो, दहा हजार दंड म्हणजे घरातलं धान्य विकायची पाळी. हा आक्षेप मला हसण्यावारी नेता येत नाही. म्हणून माझं म्हणणं, फोन ही पहिली पायरी नाही. गाडी उभी असेल तर आधी किल्ली. ओळखीचा असेल तर हात धरा, मालकाला फोन लावा, दुसरा ड्रायव्हर बघा. मालकालाही सांगा की अशा गुन्ह्याला मदत करणाऱ्यालाही कलम १८८ खाली तीच शिक्षा आहे. पण गाडी हलली असेल, किंवा माणूस ऐकत नसेल, तर मग ११२. तिथं विचार करत बसायचं नाही.

दुसरा आक्षेप पोलिसांचा. "सर, चिरीमिरी घेतील आणि सोडतील." होत नाही असं मी म्हणणार नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला मोटारीखाली दोन तरुण अभियंते गेले. गाडी चालवणाऱ्याला लोकांनीच धरून पोलिसांच्या हवाली केलं. पुढं रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली. लोकांनी त्यांचं काम केलं होतं. मी मघाशी खबर आणि चुगली यांत जो फरक केला, तो प्रामाणिक तपासणीवर उभा आहे. तपासणी विकली गेली तर माझा युक्तिवादही पडतो, हे मान्य करतो. पण त्यावरचा इलाज गप्प बसणं हा नाही. पोलिसांना जाब विचारण्याचा अधिकार ज्यानं फोन केला त्यालाच जास्त शोभतो.

तिसरा आक्षेप खोट्या तक्रारींचा. प्राचीन अथेन्समध्ये सोलोननं कुणाही नागरिकाला दुसऱ्यासाठी खटला भरायची मुभा दिली. दुबळ्यांना आधार मिळावा हा हेतू. पुढं त्यातूनच धमकावून पैसे उकळणारे धंदेवाईक फिर्यादी निपजले. म्हणून, जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगा. "गाडी नागमोडी चाललीय", "तोंडाला वास आला", "ढाब्यावर पिताना पाहिलं". "तो बेवडाच आहे" हे सांगू नका. ते मत झालं.

त्या मुलीला माझं उत्तर हे. संशय पुरेसा आहे, कारण तुला न्याय करायचा नाहीये, तपासणी मागायची आहे. मात्र आधी किल्ली मागून बघ.

आणि अण्णांचं काय? ते असते तर काय म्हणाले असते, याचा मी खूप विचार केला. त्यांना मी खबऱ्या वाटलो असतो का? मला वाटतं, त्यांनी एवढंच विचारलं असतं, "जीपमध्ये किती माणसं होती?" मला सांगता आलं नसतं. मी मोजली नव्हती.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.